नदीची वकिली करायचीय, तर आधी नमुन्याची बाटली सील करायला शिका

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या, आता लॉच्या दुसऱ्या वर्षाला. गावाजवळच्या ओढ्याला गळीत हंगामात काळपट, आंबूस वासाचं पाणी येतं, तक्रारी करून झाल्या, फरक पडला नाही. त्यांना पुढे नद्या-ओढ्यांसाठीच वकिली करायची आहे. एलएलएम करावं का, पुण्यात राहावं की दिल्ली गाठावी आणि या कामात पोट भरतं का, असं त्यांनी विचारलंय.

ही उत्तरं देतोच, पण हे काम रोज नेमकं कसं असतं ते कळल्याशिवाय ती उपयोगाची नाहीत. कॉलेजात पर्यावरणाचा कायदा आपण निकालांतून शिकतो. १९९६ चा वेल्लोरचा निकाल, तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांचा. 'प्रदूषण करेल तो भरेल' हे तत्त्व त्यातून भारतीय कायद्यात पक्कं झालं. त्याच वर्षअखेरचा कमलनाथ खटला, एका हॉटेलसाठी ब्यास नदीचा प्रवाह वळवल्याचा. नदी ही सरकारकडे असलेली जनतेची ठेव आहे, हे त्यात सांगितलं गेलं. हे वाचून अंगावर काटा येतो आणि वाटतं, आपणही एक दिवस कोर्टात उभं राहून असंच काही मांडू. पण या तत्त्वांवर आता फारसा वाद होत नाही. पहिलं तत्त्व तर एनजीटीच्या, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात, कलम २० मध्ये लिहूनच ठेवलंय. समोरचा वकील कधीच म्हणत नाही की ओढा घाण करायचा आमच्या अशिलाला हक्क आहे. तो उभा राहतो आणि शांतपणे म्हणतो, "माय लॉर्ड, हे पाणी आमचं नाही."

हे पाणी त्यांचंच आहे हे सिद्ध करणं, इतकीच ही वकिली आहे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला.

बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगून टाकतो. घरून दोन-तीन वर्षं आधार मिळणार असेल तर वाट वेगळी, घर तुमच्याच कमाईवर चालणार असेल तर वेगळी. समोर साखर कारखाना असणं आणि नगरपालिका असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी एनजीटी येण्याआधीपासून हे काम करतो, सुरुवात तालुका कोर्टात केली आणि आता मुख्यतः पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठासमोर उभा राहतो. म्हणजे मी सांगतोय ते पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या आणि वाढत्या शहरांच्या पट्ट्यातलं आहे. विदर्भातल्या कोळसा-राखेच्या किंवा गोव्यातल्या खाणींच्या कामाचे तपशील निराळे निघतील.

आता पुराव्याकडे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ तोंडपाठ करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी सांडपाण्याचा नमुना घेतो तेव्हा त्याने कारखान्याच्या जबाबदार माणसाला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सील करायच्या आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. कारखान्याचा माणूस मुद्दाम गायब झाला तर काय करायचं हेही कलमात आहे. हे पाळलं नाही तर त्या नमुन्याचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. लक्षात ठेवा, ही अट सांडपाण्याच्या नमुन्याला आहे, ओढ्यातून घेतलेल्या पाण्याला नाही. हा फरक माहीत नसलेले वकील मी दोन्ही बाजूंना पाहिलेत.

प्रत्यक्षात काय होतं? तक्रार जाते, काही दिवसांनी फील्ड ऑफिसर येतो. तोवर ओढ्याकडचा व्हॉल्व्ह बंद झालेला असतो. अधिकारी ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या, शेवटच्या टाकीतून नमुना घेतो, ओढ्यातून नाही. बाटली गाडीच्या डिकीत, बर्फ नाही, आणि प्रयोगशाळेत पोहोचते चार दिवसांनी. तुम्ही रसायनशास्त्राच्या आहात, पुढचं मी सांगायला नको. बीओडीचा (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्या मापाचा) नमुना थंड ठेवून साधारण २४ तासांत लावायला हवा. उन्हात पडून राहिला तर आतल्या जिवाणूंनी बराचसा माल खाऊन टाकलेला असतो आणि आकडा कमी येतो. विरघळलेला ऑक्सिजन तर जागेवरच मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून स्थिर करावा लागतो. अहवालावर नमुना घेतल्याची तारीख आणि विश्लेषण सुरू केल्याची तारीख अशा दोन तारखा असतात. मी अहवाल हातात आला की आकड्यांच्या आधी त्या तारखा बघतो. वकिलांच्या खोलीत हे कळणारी माणसं फार थोडी असतात, त्यामुळे तुमची बी.एस्सी. वाया गेली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

गावकऱ्यांनी स्वतः नमुना घेऊन खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला तर? जरूर द्यावा. त्यावर कुणाला शिक्षा होणार नाही. पण एनजीटीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम बांधून ठेवत नाहीत, आणि असा अहवाल जोडला की केंद्रीय मंडळ, राज्य मंडळ आणि जिल्हाधिकारी यांची संयुक्त समिती नेमून घेणं सोपं जातं. मात्र समिती कधी येणार हे मागणीतच लिहायचं. गाळप चालू असताना पाहणी व्हावी, असं स्पष्ट शब्दांत. नाहीतर समिती जुलैत येते. पावसाने ओढा धुऊन निघालेला, कारखाना बंद, आणि अहवालात लिहून येतं की पाहणीवेळी कोणताही विसर्ग आढळला नाही. ते वाक्य एकदा रेकॉर्डवर आलं की पुढची सगळी लढाई त्याच्याशी.

फोटो आणि व्हिडिओ काढले असतील तर मूळ फोन जपून ठेवा. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदलली की बदलणारी तिची डिजिटल खूण, भरावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून चौथ्या हाताने आलेल्या व्हिडिओचं ते प्रमाणपत्र कोण देणार?

पण माझ्या अनुभवात खरी लढाई पाण्यापेक्षा कागदावर जिंकली जाते, आणि तो कागद म्हणजे कारखान्याचं संमतीपत्र. मंडळाने दिलेल्या संमत्यांची नोंदवही ठेवायची असते आणि हितसंबंध असलेल्या कुणालाही ती बघता येते, हे जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५ मध्येच आहे. माहिती अधिकारातही प्रत मिळते. ती हाती आली की दोन गोष्टी शोधायच्या: रोज किती सांडपाणी निघणार आणि ते कुठे जाणार. बहुतेक साखर कारखान्यांच्या संमतीत लिहिलेलं असतं की प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला वापरलं जाईल. जमिनीवर सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम, नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याला ३०. कारखान्याचा वकील १०० च्या आतला अहवाल दाखवतो आणि म्हणतो, बघा, सगळं नियमात. आपण म्हणायचं, नियम शेताचा आहे आणि पाणी ओढ्यात आहे. ओढ्यात थेंबभरही सोडायची तुम्हाला संमती नाही. मग १०० की ९० या वादात पडायचं कारणच उरत नाही.

पुढे हिशेब मांडायचा. २०१६ पासून साखर कारखान्यांना टनामागे २०० लिटर सांडपाण्याची मर्यादा आहे. म्हणजे रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना मर्यादेत राहिला तरी दिवसाला १० लाख लिटरपर्यंत पाणी बाहेर काढू शकतो. ते कुठल्या गट नंबरात, कुणाच्या शेतात, कोणत्या पाइपने जातं? करारनामे मागा. ईटीपीला वेगळा वीजमीटर बसवायची अट संमतीपत्रात सहसा असते. त्या मीटरच्या महिनावार नोंदी मागा. गाळप जोरात चालू आणि ईटीपीत हवा सोडणारे ब्लोअर मात्र जवळजवळ बंद, हे एकदा वीज युनिटांतून दिसलं की काळ्या पाण्याच्या पन्नास फोटोंपेक्षा जास्त परिणाम होतो. एका कामात समोरच्या बाजूने हजार पानांचं उत्तर दाखल केलं होतं. आम्ही त्यातलंच एक पान उचललं, मीटरच्या नोंदींचं. न्यायपीठाचे प्रश्न त्यानंतर आमच्याकडे आलेच नाहीत.

ओढ्यांचा दुसरा प्रकार शहरातला, आणि तिथे प्रदूषणाआधी ओढाच शोधावा लागतो. बिल्डर म्हणतो इथे नाला नव्हताच. सातबाऱ्यावर नसतोही. मग भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढायचा. त्यावर नाल्याच्या रेषा दिसतात. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रं सरकारच्या मालकीची, त्यामुळे खासगी मालकाने तो बुजवला किंवा पाइपात घातला तर कुणाच्या परवानगीने, हा प्रश्न उभा राहतो. नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा बघायची. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. मुठेच्या पात्रातून विठ्ठलवाडीकडून काढलेल्या रस्त्याविरुद्ध २०१३ मध्ये एनजीटीने निकाल दिला, तो निळ्या रेषेच्याच मुद्द्यावर. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसं वाहून गेली, त्यानंतर जुने नकाशे शोधायला अचानक सगळेच धावले. महसूल कायदा कंटाळवाणा वाटतो, पण ओढ्यांच्या कामात तो पर्यावरण कायद्याइतकाच लागतो.

म्हणून एलएलएम आत्ता नको असं माझं मत. पुढे शिकवायचं असेल तर करा. सनद मिळाली की निदान काही काळ दिवाणी काम करणाऱ्या चांगल्या ज्येष्ठ वकिलाकडे बसा. उलटतपासणी बघा, दस्तऐवज शाबीत कसा होतो ते बघा, प्रतिज्ञापत्र लिहा. एनजीटीत साक्षीदाराची उलटतपासणी क्वचितच होते, पण कुठला कागद उलटतपासणीत टिकला नसता हे ओळखायची नजर तिथूनच येते.

राहायचं कुठे? दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी पुणे किंवा मुंबई म्हणालो असतो. आता तसं नाही. एनजीटीत अर्ज ऑनलाइन दाखल होतात, सुनावण्या बऱ्याचदा व्हिडिओवर होतात. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय. सांगलीही त्यात येते. पंचगंगा, कृष्णा, वारणेच्या खोऱ्यात राहून हायकोर्टात उभं राहता येणं ही तुमच्या पिढीला मिळालेली मोठी सोय आहे. या कामात ओढ्यापासून लांब राहिलेला वकील अशिलाच्या तोंडाकडे बघत बसतो. तालुक्यातलं एक साधं हत्यारही विसरू नका. सार्वजनिक उपद्रवाबद्दल कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. १९८० चा रतलाम नगरपालिकेचा प्रसिद्ध निकाल त्याच कलमातून आला. पालिकेने पैसे नाहीत असं सांगितलं आणि सुप्रीम कोर्टाने ती सबब ऐकून घेतली नाही.

हा निकाल मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या मनात कारखाना आहे, पण नद्यांमधली जास्त घाण मैलापाण्याची आहे. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला, आपला ५५ वर गेला. मधल्या काळात आदेश कमी झाले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये एनजीटीने राज्यावर १२,००० कोटींची पर्यावरणीय भरपाई लावली. पालिकेविरुद्ध निकाल मिळवणं तुलनेने सोपं आहे, अंमलबजावणी महाकठीण. मैलाशुद्धीकरण केंद्राची निविदा, जागा, वीजबिल, चालवणारा ठेकेदार या सगळ्याचा पाठपुरावा तारखेमागून तारखेला करावा लागतो. निकाल लागल्यावर फाइल बंद करणारा वकील या कामाचा नाही, असं मी माझ्या ज्युनिअरना सांगतो. त्यातले काही ऐकतात.

पैशाचं रोखठोक सांगतो. नदीच्या कामावर सुरुवातीला पोट भरत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. तालुक्यात ते किती जण देतात हे तुम्हाला तुमच्या सीनिअर मैत्रिणी सांगतील. गावं वर्गणी काढून फी देतात, तीही तीन हप्त्यांत. भरपाईतला टक्का घ्यायला आपल्याला व्यवसायाच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे 'जिंकलो तर द्या' हा मार्गही बंद. मग जमिनीची कामं, वारसाचे दावे, धनादेशाचे खटले, सोसायट्यांची प्रकरणं करायची आणि त्यावर नदी पोसायची. मी आजही ते करतो, त्यात कमीपणा काहीच नाही.

उद्योगांचं काम घ्यावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन वर्षांत हा प्रश्न तुमच्या टेबलावर येईल. संमती नूतनीकरण, बंदीच्या आदेशावरचं अपील, जनसुनावणीची तयारी, या कामाला चांगले पैसे आहेत. मी काही वेळा घेतो, आणि त्यामुळे कारखान्याच्या आतलं गणित कळतं हे खरं आहे. माझा नियम एवढाच की ज्या नदीच्या खोऱ्यात मी कुठल्याही गावाकडून उभा आहे त्या खोऱ्यात कारखान्याचं वकीलपत्र घेत नाही. माझे काही मित्र हेही चुकीचं मानतात. त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोटं वाटत नाही, फक्त ते बहुतेक जण घरचे सुखवस्तू आहेत.

भरपाईच्या आकड्यांना भुलू नका, हेही इथेच सांगतो. मोठी रक्कम मागितली की बातमी होते, पण सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका रसायन कंपनीवरची २५ कोटींची आकारणी रद्द केली, कारण ती कंपनीच्या उलाढालीवरून काढली होती आणि उलाढालीचा प्रदूषणाशी संबंध दाखवला नव्हता. केंद्रीय मंडळाच्या सूत्रात उल्लंघनाचे दिवस मोजतात. म्हणजे पुन्हा तुमच्या गावातल्या नोंदवहीवर आलो. कोणत्या तारखेला पाणी काळं होतं, कुणी पाहिलं, कुठल्या विहिरीला वास आला.

आता तुमच्या ओढ्याचं. तुम्ही अजून वकील नाही, म्हणून हात बांधलेत असं समजू नका. फक्त अर्जदार तुमच्या गावातलाच असावा असा हट्ट धरू नका. ज्यांचा ऊस त्याच कारखान्याला जातो त्यांच्या तोडीचा नंबर अर्ज केल्यावर मागे पडतो, आणि जानेवारीत सही केलेला माणूस फेब्रुवारीत माघारीचं प्रतिज्ञापत्र देतो. त्याला दोष देता येत नाही, उभा ऊस वाळत असतो. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या गावात बघा. ज्यांचा ऊस दुसरीकडे जातो, ज्यांच्या पाणीयोजनेची विहीर ओढ्यालगत आहे, अशी चार-पाच माणसं एकत्र घ्या, शिवाय ग्रामसभेचा ठराव. ठरावावरून मागे फिरणं सरपंचालाही अवघड जातं.

मुदतीचंही बघा. एनजीटी कायद्याच्या कलम १४ खाली सहा महिन्यांत यावं लागतं, फार तर आणखी ६० दिवसांची सवलत. तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून ही मुदत मोजतात, आणि तुमचा ओढा कित्येक हंगाम काळा होतोय, तेव्हा समोरचे पहिल्याच तारखेला मुदतीचा मुद्दा काढणार. म्हणून कलम १५ खाली ओढा पूर्ववत करण्याची मागणी सोबत घाला, तिथे पाच वर्षं मिळतात. भरपाईची रक्कम मागितली नाही तर अर्जाची फी १,००० रुपये. मागितली तर रकमेच्या एक टक्का. तुमच्या गावाला रक्कम नकोय, पाणी हवंय, तेव्हा हजारातच भागवा.

हंगाम सुरू व्हायच्या आत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: संमतीपत्र, मागच्या पाहण्यांचे अहवाल, ईटीपीच्या वीजमीटरच्या नोंदी. मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की पहिल्या पंधरवड्यात पाण्याचा नमुना घ्या, कारखान्याच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक, एकाच दिवशी. वरचा नमुना लोक हमखास विसरतात आणि मग "घाण आधीपासूनच येते" या बचावाला उत्तर राहत नाही. आणि संमतीपत्र हातात आलं की पहिल्यांदा सांडपाण्याच्या विल्हेवाटीची अट वाचा. तिथे फक्त शेतीचा उल्लेख असेल, ओढ्याचा नसेल, तर अर्जाचा पहिला परिच्छेद तिथूनच सुरू करा.